सुरय पाण्यात पडतो तेवढा एक सेकंद

दिवस पहिला : राकसकोप

पहाटे साडेपाचला शहापुरातून निघालो तेव्हा बेळगाव धुक्यात होतं. जानेवारीचा शेवटचा आठवडा, सुट्टीला सुट्टी जोडून आलेली, आणि ताईची धाकटी लेक बरोबर. तिनं वर्षभर पैसे साठवून एक जुना डीएसएलआर कॅमेरा आणि लांबचं जवळ दाखवणारी ७०-३०० ची लेन्स घेतली आहे. फांदीवर बसलेल्या पाखरांचे तिचे फोटो छान येतात. या खेपेला तिची मागणी वेगळी होती. "मामा, मला उडणारे पाहिजेत."

मलाही एक फोटो हवा होता. तीन हिवाळे हवा होता. नदी सुरय हा पांढरा पाणपक्षी मासा धरायला पाण्यात पडतो, तेव्हा चोच पाण्याला टेकलेली आणि अंग अजून सगळं वर, असा. माझ्याकडे सुरयाचे शेकडो फोटो आहेत: वर घिरट्या घालणारा, मासा घेऊन निघालेला, नुसतं उडालेलं पाणी. मधलं ते टेकणं मात्र एकातही नाही.

बेळगुंदीवरून राकसकोपला पोचलो. मार्कंडेय नदीवरचं हे धरण. बेळगावकर हेच पाणी पितात, पण पहाटे इथं येऊन काठावर बसणारे थोडे. थंडी होती म्हणून गाडीत हीटर लावला होता आणि कॅमेऱ्याची पिशवी त्याच्याच झोतासमोर ठेवली होती. पहिल्या वीस मिनिटांत काढलेले सगळे फोटो मऊ आले. फोकस बरोबर, शटरचा वेग भरपूर, तरी पिसाची एक रेघ धारदार नाही. लेन्स तापलेली आणि बाहेर हवा गार, त्यामुळे लेन्सच्या हुडमध्येच, म्हणजे तिच्या तोंडावरच्या नळकांड्यात, गरम हवा थरथरत होती, डांबरी रस्त्यावर उन्हात थरथरते तशी. हुड काढून लेन्स गार होऊ दिली तेव्हा कुठं चित्र स्वच्छ झालं. तोवर कापशी घारीची एक जोडी डोक्यावरून निघून गेली होती. दुसऱ्या दिवसापासून पिशवी डिकीत.

उजाडलं आणि पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या खोडावर कवड्या खंड्या येऊन बसला. काळापांढरा, डोक्यावर विस्कटलेला तुरा. पहिल्यांदा उडणारा पक्षी टिपायचा असेल तर याच्यासारखा गुरू नाही, कारण हा हवेत थांबतो. पाण्यापासून चार-पाच मीटरवर जागच्या जागी पंख मारत उभा राहतो. अंग हलतं, शेपटी पसरते, पंख दिसेनासे होतात, पण डोकं मात्र खिळा ठोकल्यासारखं स्थिर. चोच सरळ खाली. भाचीला म्हटलं, "डोळ्यावर फोकस धर, बाकीचं काही बघू नकोस."

तिची पहिली अडचण वेगळीच निघाली. तिला पक्षी लेन्समध्ये सापडतच नव्हता. सगळ्यांचं असंच होतं. एक डोळा मिटून लेन्समधून आभाळ धुंडाळत बसलं की पक्षी कधीच मिळत नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून आधी नुसत्या नजरेनं त्याला धरायचं, नजर न हलवता कॅमेरा डोळ्यापुढे आणायचा. आणि तो जितक्या अंतरावर येणार आहे तितक्या अंतरावर, म्हणजे इथं त्या खोडावरच, आधी फोकस लावून ठेवायचा. नाहीतर लेन्स जवळून लांब आणि लांबून जवळ अशी हुडकत राहते आणि तोवर खंड्या न्याहारी उरकून मोकळा होतो. वीस मीटरवर माझ्या सहाशेच्या लेन्सला धारदार दिसणारा पट्टा जेमतेम हातभर असतो. त्या हातभरात पक्षी पाहिजे.

मग हिशेब. दगड नुसता सोडला तरी पाच मीटर खाली यायला एक सेकंद लागतो आणि पाण्याशी पोचताना त्याचा वेग सेकंदाला दहा मीटर झालेला असतो. तेवढ्या वेगाचा पक्षी १/५०० सेकंदात दोन सेंटिमीटर सरकतो. म्हणजे डोळा पुसला गेला. १/२००० ला अर्धा सेंटिमीटर, १/३२०० ला तीन मिलिमीटर. म्हणून सूर मारणाऱ्याला १/३२०० च्या खाली जायचं नाही, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढली तर वाढू दे. दाणे दिसलेला फोटो नंतर बरा करता येतो, पुसलेल्या डोळ्याला कुठंच औषध नाही.

भाचीनं हे सगळं वहीत लिहून घेतलं. पण त्या सकाळी तिला खरं शिकवलं ते वाऱ्यानं. वारा पूर्वेचा होता, सूर्यही पूर्वेला, आणि आम्ही दोघांकडे पाठ करून बसलो होतो. खंड्या थांबताना नेहमी वाऱ्याला तोंड करतो, म्हणजेच आमच्याकडे तोंड करतो, आणि ऊन नेमकं त्याच्या चेहऱ्यावर. नऊच्या सुमाराला वारा पडला, तसा तो कुठंही तोंड करून थांबायला लागला आणि निम्मे फोटो पाठमोरे येऊ लागले. तिनं स्वतःहून विचारलं, "मामा, म्हणजे जागा निवडतानाच निम्मा फोटो होतो?" मी मान हलवली.

आणखी एक गोष्ट तिनं हेरली. खंड्या एकदम खाली येत नाही. अर्ध्यावर येतो, पुन्हा थांबतो, पुन्हा खाली. शेवटच्या वेळी पंख अंगाला मिटतात. त्या मिटण्याआधी शेपटी आवळली जाते. ती शेपटी बघून बटण दाबायचं, पंख बघून नाही. पंख मिटलेले दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. डोळ्यानं पाहिलं आणि बोटापर्यंत निरोप पोचला, यातच पाव सेकंद जातो.

दिवस दुसरा : जांबोटी, कणकुंबी

खानापूर तालुक्यातलं हे जंगल म्हणजे आमचं आजोळच. आईचे मामा जांबोटीचे. जवळच भीमगड अभयारण्य, २०११ साली जाहीर झालेलं. आम्ही अभयारण्यात गेलो नाही. चोर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेलाच एक मोठं वडाचं झाड फळांनी लगडलेलं होतं. धनेश, म्हणजे मोठ्या चोचीचा रानपक्षी, जिथं खायला येतो तिथं पुन्हा येतो, फळं संपेपर्यंत येतो. त्याच्या मागे जंगलात फिरण्यात काहीच अर्थ नाही.

धनेश दिसायच्या आधी ऐकू येतो. मोठ्या धनेशाच्या पंखांचा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला लांबून रेल्वे येते आहे असं वाटतं. पंखांखालची झाकण-पिसं त्याला नसल्यासारखीच, त्यामुळे मोठ्या पिसांच्या फटींतून वारा घुसतो आणि तो घोष होतो. भाचीचे हात थांबले. मी म्हटलं, "आवाज आला ना, आता कॅमेरा वर घे. आवाज हीच सूचना." दोन आले, नर आणि मादी, वडाच्या शेंड्यावर. जाताना एकामागोमाग एक, झाडीच्या फटीतून पलीकडे. त्या फटीवर मी आधीच फोकस धरून बसलो होतो. एक फ्रेम चांगली मिळाली: पंख पूर्ण पसरलेले, पिवळी चोच उन्हात, मागं काळं रान. उजेड कमी होता, १/१६०० वरच भागवावं लागलं. पण धनेश मोठा आहे, पंख सावकाश मारतो, त्याला तेवढं पुरतं.

याच दिवसांत धनेशाची मादी ढोलीत जाऊन बसते, तोंड लिंपून घेते, आणि नर फटीतून तिला भरवतो. ढोली कुठं आहे हे सांगायला एक जण तयार होता. नको म्हटलं. नर दचकून लांब राहिला तर उपाशी राहते ती आतली.

दुपारी कणकुंबीला माउलीच्या देवळाकडे गेलो. मलप्रभेचा उगम इथला. पुढे सौंदत्तीला जी एवढी अफाट पसरते ती नदी इथं चुळभर आहे. खाली एका ओढ्याच्या डबक्यावर स्वर्गीय नर्तक अंघोळीला येत होता. पांढराशुभ्र नर, हातभर लांब शेपटीच्या दोन फिती. वरच्या फांदीवरून सुटतो, पाण्यात छाती बुडवून लगेच वर. हे सगळं पापणी लवायच्या आत. तीनदा-चारदा एकाच फांदीवरून सुटला, एकाच जागी पडला. भाचीनं त्या जागेवर फोकस लावून, कॅमेरा दगडावर टेकवून, नुसतं फांदीकडे बघत बटण दाबलं. शेपटीची फीत पाण्यावर इंग्रजी एस सारखी वळलेली, असा एक फोटो तिला मिळाला. दिवसभर तोच काढून बघत होती.

दिवस तिसरा : धुपदाळ

बेळगावहून घटप्रभा स्टेशन, जुन्या लोकांच्या तोंडी अजून गोकाक रोडच. तिथून धुपदाळचा बंधारा जवळ. इंग्रजांच्या काळातला दगडी बंधारा, त्यामागं पसरलेलं उथळ पाणी, मध्ये गवताळ बेटं. १९७४ पासून हे पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात इथं पाण्यापेक्षा पाखरं जास्त दिसतात. चित्रबलाक, उघड्या चोचीचे करकोचे, हळदी-कुंकू बदकं, शेकाटे, वारकरी नावाच्या पाणपाखरांचे काळे ठिपके.

सकाळी सातला आम्ही काठावर पाठीशी सूर्य घेऊन बसलो. सुरय दोन जातींचे होते, आणि त्यांचा फरक मी भाचीला तिथंच दाखवला. लहान, कल्लेवाले सुरय सहसा पाण्यात पडत नाहीत. वाऱ्यावर खालवर होत येतात, पाण्याला ओझरतं चोचीनं टिपून पुढे जातात, जशी एखादी बाई जाता जाता ताटातला खडा उचलते. नदी सुरय तसा नाही. पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली लांब शेपटी. तो वर थांबतो, मान खाली घालतो आणि सरळ पाण्यात घुसतो. माझा होता तो हा. पण त्या सकाळी सगळे लांब, नदीच्या मुख्य धारेवर.

पांढऱ्या पक्ष्याचं अजून एक दुखणं असतं. खाली काळं पाणी, त्यात एवढासा पांढरा पक्षी. कॅमेरा काळ्या पाण्याला बघून चित्र उजळतो आणि पांढरी पिसं चुन्यासारखी सपाट होतात. तोच पक्षी वर आभाळात गेला की उलट, काळा पडतो. म्हणून उजेड कॅमेऱ्यावर सोडत नाही. उन्हातल्या पांढऱ्या पिसांवर एकदा उजेडाचा हिशेब लावायचा आणि ऊन बदलेपर्यंत हात लावायचा नाही. मग पक्षी पाण्यावर असो की आभाळात, पिसं तीच.

नऊच्या सुमाराला जे झालं ते लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमच्यापासून शंभरेक पावलांवर तिघे आले. लेन्स माझ्यापेक्षा मोठ्या. समोरच्या बेटावर चित्रबलाक ऊन खात उभे होते, काही एका पायावर. तिघांपैकी एकानं दगड उचलला आणि पाण्यात भिरकावला. दुसरा, तिसरा. टाळ्या. अख्खं बेट उठलं. बलाक, बदकं, शेकाटे सगळे, आणि त्या तिघांचे कॅमेरे कडाकडा वाजले. दहा मिनिटांनी पक्षी परत बसले तेव्हा पुन्हा दगड.

मी उठून गेलो. माझा आवाज चढला होता हे खरं. म्हटलं, हे अभयारण्य आहे, १९७२ च्या कायद्यानं इथं पक्ष्यांना त्रास देणं गुन्हा आहे. एकजण म्हणाला, "काका, फ्लाइट शॉट पाहिजे होता, मारत थोडीच आहोत." त्याला वाटत होतं की त्यानं काहीच केलं नाही. मी त्याला त्याच्याच कॅमेऱ्यातला फोटो दाखवायला सांगितला. सगळे बलाक पाठमोरे, पाय लोंबकळलेले, एकमेकांवर आदळणारे. म्हटलं, "हे पळताहेत. दिसतंय ना?" तो बराच वेळ बघत राहिला. मग ते निघून गेले. गेटवर वनखात्याचा माणूस होता, त्याला सांगितलं.

पाच मिनिटं बलाक उडवला तर काय बिघडतं, असं वाटणाऱ्यांना एवढंच सांगतो. इथली काही बदकं हिमालयापलीकडून आलेली असतात आणि उन्हाळ्याआधी तेवढंच परत जायचं असतं. सकाळभर खाल्लेलं असं उडण्यात घालवलं तर त्या प्रवासाची शिदोरी कमी पडते. आणि फोटोग्राफर म्हणून सांगतो: भ्यालेल्या पक्ष्याचा फोटो चांगला येत नाही. स्वतःच्या कामाला उडालेला पक्षी वाऱ्याकडे तोंड करतो, पाय पोटाशी घेतो, नजर जिथं जायचं तिथं असते. भ्यालेला पाठ दाखवतो.

अकरानंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागली. आता कितीही महाग लेन्स असली तरी लांबचा पक्षी धारदार येत नाही. गुंडाळलं. उठता उठता दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाणगवताच्या कडेनं खालून आला आणि वारकरी एका ठिकाणी गोळा झाले, पाणी फेसाळत. ते मात्र आम्ही पोटभर टिपलं. त्याला कुणी दगड मारला नव्हता, तो त्याच्या पोटासाठी आला होता.

दिवस चौथा : गोकाक, निपाणी

गोकाकचा धबधबा ५२ मीटर उंच. जानेवारीत कड्यावरून पाण्याच्या चार दोऱ्या. त्यामुळे आवाज कमी आणि कड्याच्या कपारीतल्या पारव्यांचं घुमणं स्पष्ट. झुलत्या पुलाजवळ उभं राहून तासभर भाचीला पॅनिंगची, म्हणजे उडत्या पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवायची, तालीम दिली. पारवा सरळ उडतो, एका वेगानं, कड्याला धरून. १/६० वर शटर ठेवायचं, कंबरेपासून फिरायचं, पक्षी चौकटीत जिथं आहे तिथंच राहिला पाहिजे, आणि बटण दाबल्यावरही फिरणं थांबवायचं नाही. गोफण सोडल्यावर हात कसा पुढे जातो, तसं. मागचा कडा तांबड्या पट्ट्यांसारखा ओढला जातो आणि पारव्याचं डोकं तेवढं स्वच्छ उठतं. पन्नासात एक साधतो. पाकोळ्या मात्र तिनं सोडून दिल्या, मीही सोडल्या.

गोकाकची मिठाई, करदंट, घेतला आणि हुक्केरी, संकेश्वर करत निपाणीला मावशीकडे. मावशीनं भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याचं भरीत पुढं ठेवलं आणि जेवताना भाचीचे फोटो बघत बसली. नर्तकाची शेपटी तिला फार आवडली. रात्री भाचीनं विचारलं, एवढ्या वेगाचे फोटो पहिल्यांदा कुणी काढले. तिला मारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. १८८२ साली त्यानं बंदुकीसारखा कॅमेरा बनवला. खांद्याला लावायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा, की सेकंदाला १२ चित्रं. पक्षी पंख कसा खाली आणतो हे त्याला बघायचं होतं. माझा आजचा कॅमेरा सेकंदाला २० काढतो. एवढ्या वर्षांत फरक आठाचाच, असं ती म्हणाली तेव्हा मावशी हसली. त्याच्या बंदुकीतून एकही पाखरू पडलं नाही, ही गोष्ट मला लहानपणापासून आवडते.

दिवस पाचवा : शाळूचं रान, आणि मग हिडकल

निपाणीच्या पुढं चिकोडीकडे शाळूची रानं. कणसं हुरड्यात आलेली. आणि हुरडा आला की भोरड्या आल्याच. गुलाबी अंग, काळं डोकं, मध्य आशियाकडून येणारी ही मैनेची जात. तिकडं ती उन्हाळ्यात टोळ खाते म्हणून तिला जपतात, इथं ती शाळूवर पडते म्हणून तिच्यावर गोफण चालते.

मावशीच्या ओळखीच्या काकींचं रान. सहा वाजल्यापासून माळ्यावर उभ्या, हातात गोफण, बाजूला डब्याला काठी. आम्ही बांधावर बसतो म्हटलं, तर म्हणाल्या, "बसा की. पण तिकडं बसून काय घावायचं न्हाई. हिकडं या." मग त्यांनी जे सांगितलं ते कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. "आल्या की आधी एक गिरकी घेत्यात बघ. मग त्या बाभळीवर बसत्यात. बाभळ काळी झाली की समज, आता पडणार. पडताना ह्या अंगानं येत्यात, उन्हाच्या अंगानं न्हाई."

अगदी तसंच झालं. दोन-तीनशे भोरड्या आल्या, गिरकी, बाभळ काळी. भाचीनं बाभळीवर नेम धरला. पहिली सुटली तशी सगळ्या सुटल्या आणि थवा एखाद्या चादरीसारखा आमच्यावरून वळला. त्यातच शिक्रा हा शिकारी पक्षी आला, कुठून ते मला अजून कळलं नाही. थवा आवळला. क्षणापूर्वी पसरलेली चादर मुठीएवढी गच्च झाली, काळी झाली, फिरली, पुन्हा सुटली. शिक्रा रिकाम्या पायानं पलीकडच्या लिंबावर. रोममधल्या संशोधकांनी २००८ साली अशाच मैनांच्या थव्यांचं मोजमाप केलं. एक पाखरू जवळच्या सहा-सात जणांकडेच लक्ष ठेवतं, सगळ्या थव्याकडे नाही. तेवढ्यावर शेकडोंचा थवा एका अंगानं वळतो. बाभळीवर ते दिसतं. कडेची सहा-सात हलतात, मग त्यांच्या शेजारची.

मी त्या थव्याचे दोन तऱ्हेचे फोटो काढले. १/३२०० वर प्रत्येक भोरडी सुटी, गुलाबी पाठ दिसणारी. आणि १/३० वर, जिथं एकही पाखरू ओळखू येत नाही, नुसता धुराचा लोट शाळूवर उतरतो. मला दुसरा जास्त खरा वाटला. काकींना दाखवला तर त्याही म्हणाल्या, "हां, अश्याच येत्यात."

परत येताना भाचीनं एक प्रश्न विचारला जो मला आधीपासून बोचत होता. धुपदाळला दगड मारणाऱ्यांना रागावलो आणि इथं काकींच्या गोफणीवर उठलेल्या भोरड्या टिपल्या, हे कसं? मी गाडी चालवत होतो, उत्तर लगेच आलं नाही. शाळू काकींचा आहे. वर्षाची भाकरी आहे. आम्ही तिथं नसतो तरी गोफण फिरलीच असती. पण एकदा डबा वाजवताना त्यांनी आमच्याकडे बघून "वाजवू का अजून, फोटूला?" असं विचारलं होतं आणि मी नको म्हटलं होतं. माझ्या लेखी रेघ तिथं आहे. भाचीला ते पूर्ण पटलं असं नाही. पटायला हवं असंही नाही, ती विचार करते आहे हे पुष्कळ.

हमरस्ता सोडून हिडकलला वळलो तेव्हा दोन वाजले होते. धुपदाळला जी घटप्रभा होती तीच इथं वर अडवलेली. पाणी निळं, पार डोंगरापर्यंत. सुरय होते, पण विखुरलेले. दोन तास आम्ही काठानं नुसते चाललो. एका खडकापाशी एक काका टोपलीसारखी गोल नाव पालथी घालून जाळं सोडवत बसले होते. त्यांना विचारलं, हे पांढरे पक्षी कुठं पडतात?

त्यांनी वर न बघताच सांगितलं. "चारनंतर वारा फिरतो. मग बारीक मासळी ह्या खाचेत येते. इथंच पडतात." खाच म्हणजे दोन खडकांमधलं गुडघाभर पाणी. त्यांना विचारून त्यांच्या नावेच्या आडोशाला बसलो. नाव पालथी, आम्ही तिच्या सावलीत, लेन्स जमिनीपासून वीतभर. चार वाजून गेल्यावर वारा खरंच पश्चिमेचा झाला. सूर्यही पाठीमागं पश्चिमेला. राकसकोपची सकाळ उलटी करून ठेवल्यासारखं.

पहिला सुरय आला तेव्हा मी बटण दाबलं नाही. फक्त बघितलं. कुठं थांबतो, कुठून खाली येतो. दुसरा, तिसरा. तिघंही खाचेच्या उजव्या तोंडाशी थांबले आणि पाण्यावर नेमक्या त्याच हातभर जागेत पडले. मग मी तिथं, पाण्यातल्या एका काडीवर, फोकस लावला आणि वाट बघितली. माझ्या कॅमेऱ्यात बटण पूर्ण दाबण्याआधीच्या अर्ध्या सेकंदाची चित्रं साठवायची सोय आहे, ती चालू केली. पण ती अर्धा सेकंदच मागे जाते. सुरय कधी पडणार हे तिला माहीत नसतं.

चौथा थांबला. मान खाली. शेपटीच्या दोन फिती मिटून एक झाल्या. दाबलं.

रात्री घरी लॅपटॉपवर त्या फ्रेम मांडल्या. अकरावीत तो चौकटीत उलटा, पंख मागं. बारावी, तेरावी, जवळ येतो आहे, डोळ्यात उन्हाचा ठिपका. चौदावीत चोचीचं पिवळं टोक आणि पाण्यातल्या चोचीचं पिवळं टोक एकमेकांना भेटलेली. पाण्यावर अजून एक वळीही नाही. वर अख्खा सुरय, खाली अख्खा सुरय, मध्ये एक ठिपका. पंधरावीत पाणी फुटलेलं आणि पंखांची दोन टोकं. सोळावीत नुसतं कडं.

पण ते रात्री. तिथं काठावर छोट्या पडद्यावर बघितलं आणि भाचीच्या हातात कॅमेरा दिला. ती काही बोलली नाही, तिनं तो काकांपुढं नेला. त्यांनी जाळं खाली ठेवलं, हात लुंगीला पुसले, पडदा डोळ्याजवळ धरला. "टेकलीय बघ," म्हणाले. मग आणखी एकदा बघितलं. मग पलीकडच्या पाण्याकडे हात केला. "मार्चमध्ये पाणी खाली जातं तेव्हा तिथं दोन खडक उघडे पडतात. त्यावर अंडी घालतात हे. उघड्यावर, नुसत्या दगडावर. या तेव्हा बघायला. पण हिथनंच बघा. तेवढे दोन महिने आम्हीसुद्धा नाव तिकडनं नेत नाही."

भाचीनं वहीत मार्च लिहिलं आणि त्यापुढं, हिथनंच. ऊन उतरत होतं. खाचेत पाचवा सुरय थांबला होता, तिनं वही बाजूला ठेवून स्वतःचा कॅमेरा उचलला.